न उडालेला पतंग

१

काचपट्टीवर जे दिसायला हवं होतं ते नव्हतं, आणि जे दिसायला नको होतं ते इतकं स्वच्छ दिसत होतं की शंकेला जागाच उरली नव्हती.

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि अहवालावर एक ओळ लिहिली: ‘नमुना सामान्य जातीचा आहे, दुर्मिळ जातीचा नाही.’ खाली सही केली. ती एका झटक्यात केली, याचा त्यांना त्या क्षणी थोडा अभिमानही वाटला. त्या एका ओळीनं एक टेकडी खाणीच्या घशात गेली होती आणि त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा लबाड ठरला होता.

ज्या जिवावरून हे घडलं तो तांदळाच्या दाण्याहून लहान. गवतपोखऱ्या म्हणतात त्याला. आहे पतंगच, दिव्यावर झेपावणाऱ्यांच्या कुळातला. पण इतका बारीक की अंगावर बसला तर माणूस धूळ समजून झटकतो. त्याची अळी गवताच्या पात्याच्या जाडीत राहते. वरची साल आणि खालची साल यांच्यामधला गर खात ती पुढे सरकते आणि मागे एक फिकट बोगदा सोडते. पात्याला जाडी असते हेच ज्यांना ठाऊक नाही अशा माणसांच्या हाती टेकड्यांचे निकाल असतात, ही गोष्ट वेगळी.

गवतपोखऱ्यांच्या दोन जाती हुबेहूब जुळ्या आहेत. दोन्हींचे पंख काळपट, दोन्हींवर रुपेरी पट्टा. पंखांवरून त्यांना वेगळं ओळखण्याची प्रतिज्ञा अनेकांनी केली आणि अनेकांची फजिती झाली. फरक असतो तो पोटाच्या टोकाशी, जननांगांच्या घडणीत, तिथल्या गळासारख्या आकड्यात. पोट वेगळं काढायचं, पोटॅशमध्ये गरम करून स्वच्छ करायचं, काचपट्टीवर बसवायचं, आणि मगच बोलायचं. यांतली एक जात जिथे गवत तिथे सापडते. दुसरी एका पिढीत कुणाच्या नजरेस पडलेली नाही. चुनखडीच्या उतारावर वाढणाऱ्या एका निळसर, ताठ गवताखेरीज ती कशालाही तोंड लावत नाही. ती जिथे जिवंत आहे तिथे कायद्यानं खणता येत नाही.

बाईंचा भाचा संग्रहालयाच्या कीटक विभागात नवखा सहायक होता. खाणीसाठी मागितलेल्या टेकडीवरून त्यानं बोगदे पडलेली पाती आणली, अळ्या पाळल्या. बहुतेक कोषांतून पतंगाऐवजी बारीक गांधीलमाश्या निघाल्या, कारण निसर्गालाही परोपजीवींचं वावडं नाही. एकाच कोषातून पतंग निघाला. तो त्यानं टाचणीवर लावला आणि ‘दुर्मिळ’ म्हणून नोंदवला. या गटाचं नीट ज्ञान असलेली परीक्षक एकच होती, आणि ती त्याची मावशी होती. नात्याला हरकत घेणारे कुणी निघाले नाहीत. बाई नात्याला भीक घालत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं.

निकालाच्या वेळी खोलीत आणखी तिघं होती. काचपट्टी तयार करणारी तंत्रज्ञ, जिला सगळा विभाग ‘स्लाइडवाली’ म्हणे. खाण कंपनीचा सल्लागार, जो एकेकाळी बाईंचाच वर्गमित्र होता. आणि ‘ग्रंथकार’. या प्रांतातल्या पतंगांवरचा जाडजूड ग्रंथ त्यांचा. बाईंसकट तीन पिढ्या त्यावर पोसलेल्या. संग्रहालयाच्या नव्या दालनाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं.

सल्लागारानं काचपट्टी पाहिली आणि खांदे उडवले. ग्रंथकारांनी काचपट्टी पाहिली, मग टाचणीवरचा बिनपोटाचा पतंग आपल्या भिंगाखाली धरला आणि मान हलवली. “वाईट वाटतं. मी काही कधी अळ्या पाळायच्या फंदात पडलो नाही, ती दाईची कामं. पण नमुना मात्र निर्दोष आहे हो. पोराच्या हाताला दाद द्यायला हवी.”

पराभूताबद्दल इतका मोठेपणा दाखवणारी माणसं विद्वानांत विरळा. बाईंना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला.

“ताई, हा फोन बहीण म्हणून उचललास की परीक्षक म्हणून? आधी सांग, म्हणजे तसं बोलते.”

“काय झालं?”

“तेच विचारतेय. उद्या खाणीच्या अर्जावर समितीची बैठक झाली की त्याला काढून टाकणार आहेत. खोटा नमुना दिला म्हणून. पुन्हा कुठल्या संग्रहालयाच्या दारात उभं करतील का त्याला?”

“मला जे दिसलं ते मी लिहिलं.”

“तुझ्या काड्यापेट्यांतल्या अळ्यांना पाला कोण आणून द्यायचं गं? तुझी परीक्षा असली की त्यांची विष्ठा कोण साफ करायचं? मी! तेव्हा बरी दिसायचे.” आणि फोन आपटल्याचा आवाज.

बाई मागे वळल्या तर भाचा दारातच उभा होता. डोळे सुजलेले, पण आवाज शांत.

“मावशी, भांडायला नाही आलो. एकच विचारतो. तू पतंग पाहिलास?”

“पाहिला की. जननांगांचा आकडा सरळ आहे, दुर्मिळाचा वाकडा...”

“पोट नाही गं. पतंग.”

बाईंनी कपाटाची किल्ली शोधायला खण उघडला. पंखांवरून ओळखता येत नाही, हे त्यांना इतकं पक्कं ठाऊक होतं की पंखांकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

२

नमुन्याची डबी मोहोरबंद करून बाईंच्याच कपाटात होती. त्यांनी भाच्याला बाहेर बसवलं. त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असं नाही; कुणावरच नव्हता, आणि आता त्यात त्या स्वतःही आल्या होत्या.

इतक्या लहान पतंगाला मोठी टाचणी टोचता येत नाही. केसाएवढ्या बारीक टाचणीवर त्याला एका पांढऱ्या पट्टीवर बसवतात. ती पट्टी मोठ्या टाचणीवर, आणि पट्टीखाली चिठ्ठ्या. चिठ्ठीवर भाच्याचं बारीक, टोकदार अक्षर होतं: टेकडीचं नाव, निळसर गवत, आणि शेवटी ‘पाळून काढलेला’.

बाईंनी भिंगाची शक्ती वाढवली आणि पंखांच्या कडेवर नजर स्थिर केली.

पतंगाच्या पंखाला झालर असते, केसांसारख्या खवल्यांची. कोषातून बाहेर आलेल्या पतंगाची झालर नुकत्याच विंचरलेल्या केसांसारखी सलग असते. मग तो उडतो, गवताला घासतो, दिव्यावर आपटतो, आणि दिवसागणिक झालर झिजत जाते. पाळलेला पतंग निघाल्यावर लगेच मारून लावतात. त्याला उडण्याची संधीच मिळत नाही. जन्मभर घडी न मोडलेल्या वस्त्रासारखा तो राहतो.

समोरच्या पतंगाची झालर मागच्या पंखावर तुटक होती. मानेवरचे खवले एका बाजूनं गेलेले. फार नाही. दिव्यावर पकडलेल्या पतंगांच्या मानानं तर उत्तमच. पण हा पतंग उडाला होता. एकदा नव्हे, अनेक रात्री.

आणि पांढऱ्या पट्टीवर, बारीक टाचणीला चिकटून, दुसरं एक छिद्र होतं. रिकामं.

बाईंनी दिवा बंद केला. म्हणजे दोनच शक्यता. एक तर कुणीतरी खरा पतंग काढून त्याच पट्टीवर दुसरा टोचला. किंवा भाच्यानं काहीच पाळलं नव्हतं. कुठला तरी धरलेला पतंग जुन्या पट्टीवर टोचून त्याखाली ‘पाळून काढलेला’ असं धादांत खोटं लिहिलं होतं, आणि आता मावशीनंच ‘अदलाबदल झाली’ असं म्हणावं म्हणून तिला पतंगाकडे पाहायला सांगत होता.

दुसरी शक्यता सोपी होती. बाईंच्या अनुभवात माणसं बहुधा सोप्या शक्यतेचीच निघत.

त्यांनी त्याला आत बोलावलं. “फोटो काढला नाहीस?”

“फोटोत या दोघांतला फरक कधी दिसलाय?”

“पट्टी नवी होती?”

“नवीच.” त्यानं डबीकडे पाहिलं. “का? मावशी, काय दिसलं तुला?”

“काही नाही. घरी जा. आईला सांग, मी जेवलेय.”

मावशी जेवली नव्हती हे त्याला कळलं, आणि आपल्याला काहीतरी सांगितलं जात नाहीये हेही कळलं. जाताना त्यानं दार नेहमीपेक्षा हळू लावलं. बाईंना वाटलं, आपटलं असतं तर बरं झालं असतं.

३

“किल्ली माझ्याकडे, म्हणजे चोर मी. असंच ना?” स्लाइडवालीनं हातमोजे काढून टेबलावर टाकले. खिडकीत तिच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. प्रत्येकीत पाला आणि पाल्यावर काहीतरी वळवळणारं. विभागात तिच्याइतक्या अळ्या कुणी पाळलेल्या नव्हत्या.

“चोरीचं मी काही बोलले नाही,” बाई म्हणाल्या.

“तुम्ही बोलत नाही, बाई. तुमच्या भुवया बोलतात.”

“डबी तुझ्या कपाटात असताना कोण कोण आलं?”

“तुमचा भाचा ठेवून गेला. मग सल्लागारसाहेब आले, कागदावर परवानगी घेऊन. मी समोर ठाण मांडून बसले होते, पण फोन वाजला. मग ग्रंथकार सर आले. सरांच्या पुढ्यात राखणीला कोण बसतं? चहा सांगायला गेले. आणि बाकीचा वेळ मी होतेच की एकटी. माझंही नाव लिहा त्या यादीत.”

“तुझं असं काय कारण असणार?”

ती हसली, आणि ते हसू काही गोड नव्हतं. “बाई, भाच्याच्या जागेसाठी मीही अर्ज केला होता. तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका. मुलाखतीत मला विचारलं, पदवी कुठली? आणि त्याला विचारलं, मावशी कशा आहेत?”

हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांना ते ऐकून बरंही वाटलं नाही आणि ते खोटंही वाटलं नाही. हातातली पेन्सिल त्यांनी दोनदा उलटसुलट केली.

“पोट तूच काढलंस. काही वेगळं जाणवलं?”

“काय जाणवणार? कोरडं ठक्क होतं. आणि माझं डोकं असं चढलं म्हणता! पूर्वी चढायचं ना, या नव्या इमारतीत यायच्या आधी, जुन्या खणांपाशी बसायचे तेव्हा? अगदी तसं. त्या पोटॅशच्या वाफेनं असेल. लवकर घरी गेले.”

“पोटॅशच्या वाफेनं तुझं डोकं आजवर कधी चढलं होतं?”

“वय झालं, बाई. माझंही आणि पोटॅशचंही.”

बाई उठल्या. दारापाशी पोचल्यावर मागून आवाज आला. “एक सांगू? पोरगा आगाऊ आहे. पण तो कोष फुटला त्या दिवशी विभागभर नाचत होता. मलाही बोलावलं होतं त्यानं बघायला. मी नाही गेले.” एका बरणीचं झाकण घट्ट करत ती म्हणाली, “गेले असते तर बरं झालं असतं, नाही?”

म्हणजे पतंग जन्मला तेव्हा त्याला डोळ्यांनी पाहणारं भाच्याखेरीज कुणी नव्हतं. साक्ष देऊ शकणारी एकटीच रागावून बसली होती. किंवा आता तसं म्हणत होती.

४

सल्लागाराच्या कचेरीत भिंतभर नकाशे होते आणि त्यांत टेकडी अगोदरच नव्हती. तिच्या जागी एक सुबक, पायऱ्यापायऱ्यांचा खड्डा रंगवलेला होता.

“काय गं, भाच्याची वकिली करायला आलीस?” त्यानं खुर्ची पुढे सरकवली. “चहा घेणार की निषेध म्हणून नको?”

“चहा घेते. निषेध चहानंतर. भाच्यानं नोंद केल्यावर तू टेकडीवरचं गवत का कापून घेतलंस?”

“मी नाही, कंपनीनं कापलं. मी फक्त ‘थांबा’ म्हटलं नाही. माझ्या पगारात बसत नाही ते.”

निर्लज्जपणा इतका स्वच्छ असला की त्याला प्रामाणिकपणाची कळा येते. बाईंनी पिशवीतून डबी आणि भिंग काढून त्याच्यापुढे ठेवलं. आपल्याला नेमकं काय पाहायचंय हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना पतंग नव्हे, माणूस पाहायचा होता. “मला तुझं मत हवंय. नमुन्याबद्दल.”

“निकाल लागलाय की. मी स्लाइड पाहिली. तुझ्यासारखीच.”

“आणि त्याआधी? कपाटापाशी बसला होतास तेव्हा?”

“डबीचं झाकणही नाही उघडलं. तुमची ती पहारेकरीण डोळे वटारून बसली होती. ती फोनला उठली तसा मीही उठलो. जे पोटाशिवाय ओळखता येत नाही ते बाहेरून काय बघायचं?” असं म्हणत म्हणत त्यानं भिंग डोळ्याला लावलंच. पदवीच्या दिवसांत या माणसाच्या जेवणाच्या डब्यात पोळीपेक्षा अळ्या जास्त असत. ती सवय नोकरीनं मारली नव्हती, नुसती झोपवली होती.

तो एकदम हसला. “हा पाळलेला? कुणाला सांगतेस! झालर बघ याची. आणि मान? दिव्यावर चांगला आपटून आपटून आलाय. कुणी...” हसू मध्येच विझलं. त्यानं खाली वाकून चिठ्ठी वाचली. “अगं, चिठ्ठीवर तर ‘पाळून काढलेला’ आहे.”

“आहे.”

“मग संपलाच की तुझा भाचा. आजवर जात चुकली म्हणून बचाव तरी होता. हे म्हणजे...” त्यानं भिंग खाली ठेवलं, आणि त्याच्या आवाजात बाईंना अपेक्षित नसलेली एक गोष्ट आली: खेद. “हे मी उद्या बोलणार नाही. पण कुणी विचारलंच तर खोटंही बोलणार नाही.”

बाई पायऱ्या उतरल्या. अदलाबदल या माणसानं केली असती तर त्यानं झालरीकडे बोट दाखवलं नसतं. आपलंच पाप आपणच भिंगाखाली कोण धरतं? स्लाइडवालीनं केली असती, तर रोज ताजे पतंग हाताळणाऱ्या तिनं असा झिजका पतंग निवडला नसता, आणि स्वतःहून डोकेदुखी सांगितली नसती. दोघंही वजा केली की हातात उरत होता फक्त भाचा.

फक्त भाचा. पण तोही अळ्या पाळणारा! झालर म्हणजे काय हे त्याला दोघांहून जास्त कळत होतं. ज्याला कळतं, तो ‘पाळून काढलेला’ या शब्दांवर उडालेला पतंग बसवील कसा?

बाई फुटपाथच्या मधोमध थांबल्या. मागून येणारा माणूस त्यांना धडकला, काहीबाही पुटपुटला आणि पुढे गेला. त्यांना ऐकूच आलं नाही. त्यांच्या कानात दुसराच एक आवाज होता. सौम्य, सुसंस्कृत, दाद देणारा.

‘नमुना मात्र निर्दोष आहे हो.’

५

ग्रंथकारांनी दार उघडलं आणि बाईंच्या नाकात वास शिरला. डांबरगोळ्यांचा. गोडसर, थंड, कपाळात चढणारा. संग्रहालयानं त्या गोळ्या नव्या इमारतीत येतानाच हद्दपार केल्या होत्या, आणि तेही स्लाइडवालीच्या डोकेदुखीच्या तक्रारीवरून. तिथल्या नमुन्यांचा वास केव्हाच उडून गेला होता. इथे तो भिंतींत मुरला होता.

“ये, ये. मला वाटलंच होतं तू येशील,” ते म्हणाले. “जड गेलं असेल तुला. पण शास्त्राला नाती नसतात.”

“नाहीत ना, सर. म्हणून तर आले.” बाई बसल्या नाहीत. “उद्या समितीपुढे काही विचारलं तर हाताशी असावं, म्हणून दुर्मिळाची तुमची रांग पाहायची होती. एवढी मोठी रांग कुठेच नाही म्हणतात.”

म्हणतात खरं. ग्रंथकार क्षणभर थबकले. नाही म्हणणं त्यांना अवघड नव्हतं. पण पन्नास वर्षं माणसं हा खण पाहायला येत होती आणि पन्नास वर्षं त्यांनी तो उघडला होता. हात बुद्धीच्या आधी निघाला. काचेचं झाकण वर झालं.

रांगेत सगळे दूरच्या, केव्हाच खणून संपलेल्या टेकड्यांवरचे. काळपटाचा तपकिरी झालेला, रुपेरीचा पिवळा. प्रत्येकाची झालर कुठे ना कुठे तुटलेली. दिव्यावर आलेले सगळे. आणि रांगेच्या टोकाला, नेमक्या जातीच्या नेमक्या जागी, चिठ्ठी नसलेला एक पतंग होता. काळा म्हणजे काळा. पट्टा नुकत्याच ओतलेल्या चांदीसारखा. झालर सलग.

“हा नवा दिसतो,” बाई म्हणाल्या.

“जुनाच आहे तो. चिठ्ठी पडली असेल.”

“सर, हा कधी उडालेलाच नाही.”

ग्रंथकारांनी झाकण लावायला हात पुढे केला. बाईंनी त्यावर आपला हात ठेवला. गुरूच्या हाताला असा स्पर्श त्यांनी जन्मात केला नव्हता.

“मी सांगते, कुठे चुकलं तर थांबवा. स्लाइडवाली चहा सांगायला गेली. तुम्ही भाच्याचा पतंग पट्टीवरून काढलात आणि इथून नेलेला सामान्य जातीचा एक पतंग टोचलात. छिद्र एकच राहावं म्हणून जपलं असेल, पण दोन पडली. नेला तो तुमच्याकडचा सगळ्यात चांगला. तो उडालेला होता, हे तुम्हाला दिसलंच नाही. कसं दिसणार? तुम्ही कधी एकही अळी पाळली नाहीत, त्यामुळे न उडालेला पतंग कसा असतो हेच तुम्हाला ठाऊक नाही. या प्रकरणात पतंगांची जाण असलेली पाच माणसं आहेत, सर, आणि त्यांत हे ठाऊक नसलेलं माणूस एकच. तुम्ही त्याला निर्दोष म्हणालात. मनापासून म्हणालात. आणि त्याचं पोट गरम केलं तेव्हा त्यातून या खोलीचा वास आला.”

“वास!” ते हसले. “समितीपुढे वास मांडणार?”

“नाही. समितीपुढे तुमच्या ग्रंथातलं ते वाक्य मांडणार. ‘अनेक हंगाम कसून शोध घेऊनही या उतारावर निळसर गवत आढळले नाही.’ मी ते पाठ केलं होतं. खाण कंपनीनंही केलंय. त्यांचा सगळा अर्ज त्याच वाक्यावर उभा आहे. भाच्याला ते गवत पायवाटेच्या कडेलाच सापडलं. तुम्ही त्या उतारावर कधी गेलाच नव्हता. रस्त्याकडेला गाडी थांबवून दिवा लावलात, आला तो पतंग धरलात, आणि जे आलं नाही ते नाही असं लिहून टाकलंत. पोराचा पतंग खरा ठरला असता तर लोक गवत पाहायला गेले असते. मग तुमचा तो ‘कसून शोध’ही कुणीतरी तपासला असता.”

ग्रंथकार खुर्चीत बसले.

“त्या दालनावर माझं नाव लागणार आहे,” ते शेवटी म्हणाले. “एक वाक्य, गं. शेकडो पानांत एक वाक्य.”

“माझीही एकच ओळ होती, सर. तिनं काय काय झालं ते आज सकाळपासून बघतेय.”

“तू याचं पोट काढशील.”

“आजच.”

“आणि तो दुर्मिळ निघाला तरी माझा नाही कशावरून? माझ्या खणात आहे. चिठ्ठी नाही त्याला.”

“मग एक विचारते. हा जर तुमच्या गळ्याचा फास होता, तर तो फेकून का नाही दिलात? चिमटीत चुरडला असता तर धूळ उरली असती. मी आज इथे येऊन काय बघितलं असतं?”

ग्रंथकारांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच खराखुरा राग होता, आणि तो अपमान झालेल्या माणसाचा राग होता. “फेकून? वेडी आहेस का? या टेकडीवरचा एकुलता एक आहे तो!”

वाक्य खोलीत तसंच उभं राहिलं. ते त्यांनीही ऐकलं. हळूहळू त्यांचे खांदे खाली आले.

बाईंनी पिशवीतून कोऱ्या चिठ्ठीचा तुकडा आणि बारीक निबाचं पेन काढून त्यांच्यापुढे ठेवलं. “तुमच्या हातानं लिहा. टेकडीचं नाव. गवताचं नाव. गोळा करणाऱ्याचं नाव.”

त्यांनी लिहिलं. अक्षर अजूनही छापल्यासारखं होतं. जिथे आपण कधी पाय ठेवला नाही त्या जागेचं नाव लिहिताना निब एकदा कागदात अडकलं.

“आणि ‘पाळून काढलेला’ लिहायला विसरू नका.”

जाताना बाईंनी भाच्याच्या पट्टीवरचा झिजका पतंग उपसला आणि सामान्य जातीच्या खणातल्या रिकाम्या जागेत टोचला. “हा तुमचा. पोट राहिलं नाही त्याला. ते काचेवर आहे, माझ्या चुकीच्या शेजारी.”

६

नव्या काचपट्टीवरचा आकडा वाकडा होता. ती तयार करताना स्लाइडवालीचं डोकं अजिबात चढलं नाही, आणि ही गोष्ट तिनं समितीला न विचारताच सांगितली. बाईंनी आपली ओळ समितीसमोर उभ्यानं मागे घेतली. झालरीबद्दल विचारल्यावर सल्लागार खोटं बोलला नाही. ग्रंथकार आले नव्हते. त्यांच्या हातची चिठ्ठी आली होती. खाणीचा अर्ज फेटाळला गेला. दालनावर अजून कुणाचंच नाव लागलेलं नाही. भिंतीवर चार खिळे तेवढे दिसतात.

कापलेलं गवत पुन्हा वर आलं तेव्हा भाचा मावशीला टेकडीवर घेऊन गेला. बहीणही आली, डबा आणि सतरंजी घेऊन, आणि उतारावर एका दगडावर बसून दोघांना बोलत राहिली.

“ताई, त्या गुडघ्यांवर बसू नकोस. उठवायला मी येणार नाही. आधीच सांगतेय.”

बाई गुडघ्यांवर बसल्याच होत्या. भाच्यानं एक निळसर पातं न तोडता वाकवलं आणि उजेडापुढे धरलं. पात्याच्या टोकाकडून एक फिकट, अरुंद रेघ खाली उतरत होती आणि तिच्या शेवटी काहीतरी पिवळट, जेमतेम दिसेल न दिसेल असं, हललं.

“झालं, दिसलं ना? चल,” बहीण म्हणाली.

“मावशी, ही जात कुठली ते अळीवरून नाही कळायचं,” भाचा म्हणाला. “नेऊन पाळावी लागेल. पोट बघितल्याशिवाय...”

“गप बस रे,” बाई म्हणाल्या आणि भिंग आणखी जवळ नेलं. “पोट नंतर. आधी तिला नीट बघू दे.”